वॉल्ट्झमधला खून आणि बुटांचे ओले तळवे: बॉलरूमवर कादंबरी लिहिणाऱ्याला सविस्तर उत्तर

तुम्ही पाठवलेला आराखडा असा आहे. पुण्याची मुलगी शिकायला इंग्लंडला येते, बॉलरूम नाचायला लागते आणि दोन वर्षांत ब्लॅकपूल या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावी भरणाऱ्या मोठ्या नाच-महोत्सवाच्या फायनलला पोचते. फायनलच्या वॉल्ट्झमध्ये ती आणि तिचा पार्टनर एकमेकांच्या डोळ्यांत हरवलेले असताना शेजारच्या जोडीतला गतविजेता फ्लोअरवरच कोसळून मरतो. बुटाला लावायच्या एरंडेलात कुणीतरी विष घातलेलं असतं. संशय पार्टनरवर, आणि तपास करणारा पोलीस अधिकारी नायिकेच्या प्रेमात. तुमचा प्रश्न: आतल्या माणसाला हे पटेल का?

मी सोळा वर्षं स्टँडर्ड प्रकारात स्पर्धा केल्या, आता उत्तर इंग्लंडमध्ये शिकवते. आराखड्यातलं निम्म्याहून जास्त मला पटलं नाही, पण गोष्ट सोडून द्यावी असं अजिबात वाटत नाही. या नाचात प्रेम आणि संशय एकाच जागी राहतात, आणि ती जागा म्हणजे होल्ड, जोडीने एकमेकांना धरून उभं राहण्याची पद्धत. तुम्ही मात्र झगमगाट, ट्रॉफी आणि विषाच्या बाटलीकडे पाहताय.

आधी डोळ्यांत डोळे घालण्याबद्दल. स्टँडर्डमध्ये, म्हणजे वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप या पाच नाचांत, जोडी एकमेकांकडे पाहतच नाही. दोघं समोरासमोर उभे, पण अर्ध्या अंगाने सरकलेले. त्याच्या उजव्या बरगड्या तिच्या उजव्या बरगड्यांना टेकलेल्या. त्याचा उजवा तळवा तिच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, तिचा डावा हात त्याच्या दंडावर. तिची मान तिच्या डावीकडे, त्याची त्याच्या डावीकडे. नाच संपेपर्यंत श्वास श्वासाला लागतो, पण चेहरा दिसत नाही. डोळ्यांचा खेळ हवा असेल तर नायिकेला लॅटिन या दुसऱ्या स्पर्धाप्रकारात न्या, तिथे रुंबा आहे. पण माझं ऐकाल तर स्टँडर्डच ठेवा. ज्याच्या छातीला छाती लावून आपण नाचतोय, त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. सस्पेन्ससाठी यापेक्षा चांगली मांडणी तुम्हाला कुठे मिळणार आहे?

त्यात आणखी एक गोष्ट आहे. सगळ्या जोड्या फ्लोअरवर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. बहुतेक वेळ पुरुष पुढे चालतो आणि बाई उलट्या पावलांनी मागे जाते. त्यामुळे येणारं त्याला दिसतं आणि मागे पडलेलं तिला. दोघं पुढे गेल्यावर कोपऱ्यातल्या दाराशी कुणी येऊन उभं राहिलं असेल, तर ते फक्त तिनेच पाहिलेलं असेल. प्रोमेनाड पोझिशनमध्ये, म्हणजे दोघं एकाच बाजूला उघडून चालतात तेव्हा, तिची मान उजवीकडे वळते, तेवढ्यापुरतंच दोघांना एक दिशा दिसते. साक्षीदार म्हणून दोघांचे जबाब जुळले नाहीत तर त्यात खोटं काहीच नाही. हे पोलिसांना समजावून सांगायला आतलंच माणूस लागतं.

आणि शरीर लपवू शकत नाही. लहानपणी फुगडी घातली असेल त्या प्रत्येकीला हे कळेल. हात धरून मागे कललं की समोरचीचं वजन आपल्या हातात येतं. तिचं लक्ष क्षणभर उडालं तरी आपल्या टाचेला समजतं. होल्डमध्ये तेच, पण बरगड्यांतून. पार्टनर रात्री झोपला नसेल, त्याचा गुडघा दुखत असेल, तो कुणाला तरी घाबरत असेल, तर पहिल्या चार बारांत, म्हणजे तालाच्या चार आवर्तनांत, कळतं. म्हणून 'त्याने काहीतरी लपवलंय' हे तिला सापडलेल्या चिठ्ठीतून कळवू नका. डावीकडे वळताना तो नेहमीपेक्षा अर्धा क्षण उशिरा श्वास सोडतोय, एवढंच लिहा.

आता जागा. तुम्ही टॉवर बॉलरूम लिहिलंय. तिथलं प्रसिद्ध ऑर्गन आणि टीव्हीवरचे कार्यक्रम यांमुळे बहुतेकांची अशी गल्लत होते. ब्लॅकपूल डान्स फेस्टिव्हल १९२० साली सुरू झाला तो विंटर गार्डन्समधल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये, आणि मे महिन्यातला तो मोठा महोत्सव आजही तिथेच भरतो. एम्प्रेस १८९६ ची. कमानदार छत, दोन्ही बाजूंना गॅलऱ्या, खाली फ्लोअरच्या कडेला माणसांची दाटी. विंटर गार्डन्स म्हणजे एक इमारत नाही, एका छपराखालचा भूलभुलैयाच आहे: ऑपेरा हाउस, १९३० च्या सुमाराचा स्पॅनिश हॉल, बार, लांब मार्गिका. समुद्र पाच-सात मिनिटांवर. मेच्या अखेरीस तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि स्पर्धा मात्र मध्यरात्रीकडे सरकत जाते. एम्प्रेसमध्ये ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष वाजवतो आणि कोणती धून येणार हे जोड्यांना आधी माहीत नसतं. वेग ठरलेला, वॉल्ट्झला मिनिटाला ३० बारांच्या आसपास; पण गाणं अचानक समोर येतं. एखादी जुनी धून ऐकून पार्टनरच्या पाठीचा कणा ताठ झाला, हे तुम्ही अगदी निर्धास्तपणे लिहू शकता.

फायनलमध्ये फ्लोअरवर मृत्यू नको, असं माझं ठाम मत आहे. तिथे माणूस कोसळला की संगीत थांबतं, प्रथमोपचारवाले धावतात, शेकडो फोन चित्रीकरण करत असतात आणि तुमची स्पर्धाच संपते. स्पर्धा चालू राहिली पाहिजे, कारण खुनी, संशयित आणि नायिका यांना तीच एकत्र बांधून ठेवते. महोत्सव संपला की हे लोक जगाच्या पाठीवर पांगतात. मृत्यू बाहेर घडवा. प्रोमेनाडवरून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या फिरण्याच्या रस्त्यावरून, समुद्राकडे उतरणाऱ्या काँक्रीटच्या पायऱ्या आहेत आणि भरतीचं पाणी त्यांच्यावर चढतं. पाऊस, ओल्या पायऱ्या, दोन फेऱ्यांमधला तासाभराचा वेळ. पहिल्या दिवशी सगळे त्याला अपघात समजतात. पुढची फेरी होते. खून होता हे उघड होतं तोवर खुनी आणखी तीनदा नाचलेला असतो, आणि दरवेळी कुणीतरी त्याच्या बरगड्यांना टेकून.

इथे तुम्हाला माझ्या मते सगळ्यात चांगला पुरावा सापडतो. नाचाच्या बुटांचा तळ स्वेडचा असतो. त्या चामड्याची लव फ्लोअर नेमका तेवढाच धरते जेवढा धरायला हवा: घसरताही आलं पाहिजे आणि थांबताही. पाण्याने ती लव बसते, काळी, चिकट होते. म्हणून एवढीशी सवय असलेला नाचणाराही नाचाचे बूट घालून रस्त्यावर पाऊल टाकत नाही. लॉबीतून दारापर्यंत जायचं असलं तरी बूट बदलतो. प्रत्येकाच्या पिशवीत तारांचा छोटा ब्रश असतो, आणि फेरीआधी फ्लोअरच्या कडेला दहा-वीस जण वाकून बुटांचे तळवे घासत असतात. आता बघा: दोन फेऱ्यांच्या मधे एक माणूस घाईत, बूट न बदलता, पावसात समुद्रापर्यंत जाऊन येतो. परत येऊन तो ब्रशने तळवे घासतो. हजार माणसांदेखत पुरावा पुसतोय आणि कुणालाही त्यात वावगं दिसत नाही, कारण सगळेच तेच करतायत. पण भिजलेलं स्वेड घासून लगेच पूर्ववत होत नाही. पुढच्या क्विकस्टेपमध्ये त्याचा पाय फ्लोअरला अडतो आणि तो झटका सगळ्यात आधी नायिकेला जाणवतो.

एरंडेलाचं तुम्ही बरोबर ऐकलंय. फ्लोअर निसरडा असेल तर बरेच जण तळव्याला एरंडेलाचा थेंब लावतात. फ्लोअर खराब होतो म्हणून काही सभागृहांत त्याला बंदीही असते. लहानपणी रविवारी सकाळी आजीने नाक दाबून पाजलेलं एरंडेल मला पहिल्यांदा इथे बुटाच्या तळाशी भेटलं तेव्हा मला फार आपलं वाटलं होतं. पण त्याचा विषासाठी उपयोग करू नका. एरंडाच्या बीमध्ये रायसिन हे जबर विष असतं हे खरं; १९७८ साली लंडनमध्ये बल्गेरियन लेखक ग्योर्गी मार्कोव्ह यांचा मृत्यू त्यानेच झाला असं मानलं जातं. मात्र ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. शिवाय बुटाच्या तळव्याला लावलेलं काहीही पोटात जात नाही. जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

पडलेला खडा आणि तुटलेलं पीस हे पुरावेही आराखड्यातून काढा. संध्याकाळपर्यंत फ्लोअरवर आणि मार्गिकांत कपड्यांचे खडे आणि शहामृगाची पिसं विखुरलेली असतात. त्यातून कुणाचंच नाव निघत नाही. त्याऐवजी टॅन घ्या. स्पर्धेआधी अंगाला रंग लावतात, लॅटिनवाले जास्त गडद. तो घामाबरोबर पांढऱ्या कॉलरवर, हॉटेलच्या चादरीवर, दाराच्या मुठीवर उतरतो. स्टँडर्ड नाचणाऱ्या मृताच्या पांढऱ्या वेस्टकोटवर लॅटिनचा गडद टॅन सापडला, तर प्रश्न आपोआप उभा राहतो.

पाठीवरचा नंबर मात्र तुमच्या प्रेमकथेसाठी खरा खजिना आहे. नंबर पुरुषाच्या पाठीवर लागतो. बाईला नंबर नसतो. परीक्षकाच्या कागदावर जोडी म्हणजे त्याच्या पाठीवरचा आकडा. आणि तो आकडा जवळजवळ नेहमी तीच लावून देते: टेल कोटाच्या पाठीला, चार सेफ्टी पिना, कापड ओढलं जाऊ नये म्हणून त्याने हात होल्डसारखे वर धरलेले. वर्षानुवर्षांत प्रत्येकीची पद्धत ठरून जाते. माझ्या पिना आतून आडव्या जायच्या, टोकं बाहेर दिसायची नाहीत. या दोन मिनिटांत बोलणं नसतं, फक्त पाठ आणि बोटं असतात. प्रेम व्यक्त करायला पूर्ण कादंबरीत मला यापेक्षा जवळचा क्षण सुचत नाही. आणि मग एका फेरीनंतर तिला दिसतं की त्याच्या पाठीवर नंबर आहे, पण पिना उभ्या लावलेल्या आहेत. मधल्या वेळात त्याने कोट काढला होता. परत लावून देणारा हात तिचा नव्हता.

नंबरांच्या याद्या अलिबी, म्हणजे त्या वेळी माणूस दुसरीकडे होता याचा पुरावा, म्हणूनही चालतात, कारण कुठल्या हीटमध्ये (फेरीतल्या गटात) कोण नाचलं हे कागदावर राहतं. पहिल्या फेऱ्यांत एका हीटमध्ये वीस जोड्या असल्या आणि नाच दीड मिनिटाचा असला, तर परीक्षकाला एका जोडीसाठी साडेचार सेकंद मिळतात. नंबर नाचला हे सिद्ध होतं; त्या नंबरासोबत कोणती बाई होती हे कागद सांगत नाही. सगळ्यांचे केस चापून बसवलेले, टॅन सारखा, मेकअप सारखा. शेकडो जोड्यांच्या पहिल्या फेरीत बदली बाई खपून जाईल असं लिहिलंत तर मी मान्य करीन. शेवटच्या अठ्ठेचाळीसांत नाही. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात.

खुनाचं कारण ट्रॉफी ठेवू नका. ट्रॉफीसाठी माणसं रडतात, भांडतात, आणि दुसऱ्या दिवशी सरावाला जातात. पार्टनर सोडून गेला तर मात्र आयुष्य कोसळतं. उंची जुळावी लागते, पावलाची लांबी जुळावी लागते, आणि मुली जास्त, मुलगे कमी. मुलगा सोडून गेला तर त्याला महिन्याभरात ट्रायआउटसाठी, म्हणजे जोडी जमते का ते नाचून पाहण्यासाठी, रांग मिळते. मुलगी दोन वर्षं थांबते, कधी कायमची. त्या जोडीत तिचे दहा-बारा वर्षांचे तास असतात, आईवडिलांचं कर्ज असतं, दोन-तीन हजार पौंडांचे गाऊन असतात आणि परदेशातून आलेल्यांच्या बाबतीत कधी व्हिसाही असतो. मी पाहिलेल्या बऱ्याच जोड्या ब्लॅकपूलनंतरच्या आठवड्यांत फुटल्या. 'ही फायनल झाली की मी थांबतोय' हे वाक्य कुणी, कुणाला आणि कोणत्या मार्गिकेत म्हटलं, त्यावर तुमचं सगळं कथानक उभं राहील. पार्टनर प्रियकर असतोच असं नाही, हेही लक्षात ठेवा. कित्येकांचं घर वेगळं, संसार वेगळा असतो, आणि घरच्या माणसापेक्षा पार्टनरच्या अंगाची ओळख जास्त असते. या दुखण्याला आपल्याकडे नीट नाव नाही. ते लिहा.

दुसरं कारण हवंच असेल तर गुणपद्धतीत शोधा. फायनलमध्ये साधारण सहा जोड्या असतात, आणि प्रत्येक परीक्षक प्रत्येक नाचासाठी १ ते ६ क्रम लावतो. या स्केटिंग सिस्टीममध्ये एका नाचाचा निकाल क्रमांकांच्या बेरजेवर लागत नाही, बहुमतावर लागतो. समजा परीक्षक सात आहेत. चौघांनी 'अ' जोडीला पहिली आणि 'ब' जोडीला दुसरी ठरवलं. उरलेल्या तिघांनी 'ब' ला पहिली आणि 'अ' ला थेट सहावी. 'अ' ची बेरीज २२, 'ब' ची ११. तरी नाच 'अ' जिंकते, कारण चार पहिले क्रमांक तिच्याकडे आहेत. आता त्या चौघांपैकी एकाचं मत उलटलं की नाच 'ब' चा. एक परीक्षक आजारी पडतो, त्याच्या जागी दुसरा उभा राहतो, आणि विजेता बदलतो. ही आकडेमोड करणाऱ्या स्क्रूटिनियरकडे कादंबरीकारांचं लक्षच जात नाही, आणि सगळ्यांचे कागद पाहिलेला तोच एक माणूस असतो. यात भर अशी की ज्यांच्याकडे आपण तासाचे पैसे मोजून शिकतो, तेच प्रशिक्षक पुष्कळदा परीक्षक म्हणून फ्लोअरच्या कडेला उभे असतात. हे चोरून चालत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद आहे. बहुतेक जण प्रामाणिकपणे खुणा करतात, हेही मी पाहिलंय. म्हणून परीक्षकाला सरसकट खलनायक करू नका.

नायिकेची दोन वर्षं फार कमी आहेत. फायनलला पोचणारे बहुतेक जण लहानपणीच सुरुवात करतात. तिला रायझिंग स्टार्स या नवोदितांच्या वेगळ्या स्पर्धेत उतरवा, किंवा मोठ्या स्पर्धेत शेवटच्या अठ्ठेचाळीसांपर्यंत नेऊन थांबवा; तो आकडा ऐकूनही आमच्यापैकी कित्येकींनी आईला रात्री फोन केलेत. पायाला आधीचं वळण हवं असेल तर तिला पुण्यात कॅम्पातल्या गोवेकर शेजाऱ्यांमध्ये वाढवा. मी माहीमला अशीच वाढले, त्यांच्या लग्नांत वॉल्ट्झ आणि जाइव्ह पाहत. आणि इथे कोचला कुणी 'सर' म्हणत नाही, नावाने हाक मारतात. तुमची नायिका पहिले काही महिने 'सर' म्हणत राहील, ते ठेवा, खरं वाटेल.

पोलीस अधिकारी तिच्या प्रेमात पडतो हा धागा कापा. साक्षीदाराशी प्रेमसंबंध ठेवणारा अधिकारी इथे सहसा नोकरीवर राहत नाही, आणि खटलाही धोक्यात येतो. तुम्हाला त्याची गरजही नाही. जिच्यावर प्रेम आहे आणि ज्याच्यावर संशय आहे, ती दोन माणसं तुमच्याकडे आधीच होल्डमध्ये उभी आहेत.

एक विनंती मनापासून. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरी पार्क इथल्या एका बॉलरूम स्टुडिओत चांद्र नववर्षाच्या आदल्या रात्री गोळीबार झाला आणि अकरा जण गेले. बहुतेक वयस्क होते, संध्याकाळी नाचायला आलेले. त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या साठीपुढच्या जोड्या नेहमीसारख्या आल्या, आणि पहिलं गाणं संपेपर्यंत कुणीच बोललं नाही. तुमच्या गोष्टीत जो मरेल त्याला आधी नाचू द्या. वाचकाला त्याचा नाच आवडू द्या.

शेवटचा प्रसंग तुम्ही मागितला नव्हता, पण मला तो दिसतोय म्हणून देते. रात्रीचे साडेअकरा. पुरुष फ्लोअरवर आपली जागा घेतो, डावा हात वर उचलतो आणि थांबतो. बाई स्वतःच्या पावलांनी चालत त्याच्याकडे जाते आणि होल्डमध्ये शिरते. तो तिला ओढत नाही, कधीच नाही. तिने उभ्या पिना पाहिल्या आहेत. तिने त्याच्या बुटांचे तळवे पाहिले आहेत. ते बूट खरंच त्याचेच आहेत का, की कुणीतरी बदलले, हे तिला अजून कळलेलं नाही. ऑर्केस्ट्रा वॉल्ट्झ सुरू करतो. जोड्या सहसा पहिले आठ बार जाऊ देतात. मिनिटाला ३० बारांच्या हिशेबाने ते सोळा सेकंद होतात. तो हात वर धरून उभा आहे, आणि ती चार पावलांवर.